तीन राजे, एक राणी आणि बयजाच्या गाठी

एकदा काय झालं, नदीच्या काठी नांदगड नावाचं एक राज्य होतं. राज्य कसलं, इकडच्या वेशीवर कोंबडा आरवला की तिकडच्या वेशीवरची माणसं जागी व्हायची, एवढंसं. त्या नांदगडात बयजा नावाची एक पटवेकरीण राहायची. पटवेकरीण म्हणजे रेशमाचे गोफ वळणारी. बाळाचा करगोटा, गळ्यातल्या मण्यांचा दोरा, नवरीच्या मुंडावळ्या, सगळं ती करायची. तिचा नवरा नारबा रंगारी. तो रेशीम रंगवायचा आणि ती गोफ वळायची. नारबाचे हात सोमवारी लाल असायचे, मंगळवारी निळे, आणि बुधवारी कसले आहेत ते त्याचं त्यालाच कळायचं नाही.

पण बयजाच्या गोफांची एक गंमत होती, बरं का. नवी नवरी होती तेव्हा ती देवडोंगरावर कोसे गोळा करायला गेली. कोसे म्हणजे रेशमाच्या किड्यांची घरं. बाकीच्या बायका झाडंच्या झाडं ओरबाडून टोपल्या भरायच्या. बयजानं काय केलं? ज्या कोशातून पाखरू उडून गेलंय, तेवढेच रिकामे कोसे वेचले. तिच्या टोपलीचा तळसुद्धा झाकला नाही. मग ऐनाच्या मोठ्या झाडाची ढोली उघडली आणि आतून एक म्हातारी बाहेर आली. रेशमासारखे पांढरे केस, पायापर्यंत लांब. ती होती रेशीममाय. ती म्हणाली, "पोरी, तू माझ्या लेकरांना धक्का लावला नाहीस. जा, तुझ्या हातचा गोफ ज्या दोघांच्या मनगटांवर बांधशील, ते दोघं एक होतील. एकाला लागलं की दुसऱ्याला कळेल. एकाचा हात कुणावर उठला की दुसऱ्याचाही उठेल."

आणि तसंच झालं की! नवरा शेतात ठेचकाळला तर इकडे चुलीपुढे बायको "अगं आई गं" म्हणायची. मग घरोघरी लग्नात बयजाचाच गोफ हवा. तिची एकुलती एक लेक होती, आवडी. ती नदीपलीकडच्या जुईपट्टणात दिली होती. तिच्या लग्नातला गोफ बयजानं आठ दिवस बसून वळला होता. असं सगळं सुखाचं चाललं होतं.

आता नांदगडच्या उगवतीला एक फार मोठं राज्य होतं. त्याच्या राजाला सगळे उगवतीचा महाराजा म्हणायचे. आणि मावळतीलाही तेवढंच मोठं राज्य. त्याचा तो मावळतीचा महाराजा. ह्या दोघांचं एकमेकांशी मुळीच पटायचं नाही. ह्यानं शंभर गलबतं बांधली की तो एकशे एक बांधायचा. त्यानं एक मुलूख घेतला की हा दुसरा घ्यायचा. घेतलेल्या मुलखात काय पिकतं, कोण राहतं, ते दोघांनाही ठाऊक नसायचं. नकाशावर आपला रंग जास्त दिसला पाहिजे, बस्स.

आणि मधे अडकलेलं आपलं नांदगड, आणि पलीकडचं जुईपट्टण.

नांदगडचा राजा होता सुभानराजा. माणूस चांगला होता हो, पण भित्रा. एके दिवशी मावळतीचा महाराजा शिकारीला म्हणून नांदगडच्या हद्दीजवळ आला. बरोबर पाच हजार शिपाई. सुभानराजाला वाटलं, एका सशासाठी पाच हजार माणसं कशाला? त्याला तीन दिवस अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी त्यानं बयजाला बोलावून घेतलं.

"बयजाबाई, एक लाल गोफ वळा. मला उगवतीच्या महाराजाशी गाठ बांधायची आहे. माझ्यावर कुणी चालून आलं तर तो धावून येईल."

बयजाला वाटलं, वा! लग्नाचे गोफ तर रोजचेच. राजाच्या मनगटावर आपला गोफ! तिनं लाल गोफ वळला. मोठा समारंभ झाला, पेढे वाटले, आणि बयजानं आपल्या हातानं दोघांना गाठ बांधली.

पण जुईपट्टणच्या राणीनं ते ऐकलं. तिचं नाव कमळजा राणी. मोठी हुशार, पण ह्या बातमीनं तिचीही झोप उडाली. नदीपलीकडच्या सुभानमागं आता उगवतीचा महाराजा उभा आहे म्हणजे आपलं काही खरं नाही. मग तिनंही बयजाला बोलावणं धाडलं. "निळा गोफ वळा. मला मावळतीच्या महाराजाशी गाठ बांधायची आहे."

बयजा तोही वळून घेऊन गेली. तेवढीच लेकीची भेट झाली. आवडीच्या घरी चार दिवस राहिली, तिच्या हातची भाकरी खाल्ली, आणि खुशीत परत आली.

नारबा मात्र रंगाच्या पिंपाशी बसून म्हणाला, "बये, एका दाव्याला चार बैल बांधले तर एक उधळला की चारी उधळतात."

"अहो, उलट आहे," बयजा म्हणाली. "जितक्या गाठी तितकं राज्य घट्ट. आपली आवडी पलीकडे आहे. दोन्हीकडे गाठी असल्या की लढाईच व्हायची नाही."

नारबानं पिंपातलं रेशीम वर-खाली केलं.

मग काय झालं? निळ्या गाठीची बातमी सुभानराजाला कळली. आता मावळतीचा महाराजा राणीच्या पाठीशी! म्हणजे तो नदीपर्यंत आलाच. सुभानराजा साध्या धोतरात, डोक्यावर उपरणं घेऊन मागच्या दारानं बयजाच्या घरी आला. "बयजाबाई, एक पांढरा गोफ. मावळतीच्या महाराजाशी. कुणाला सांगू नका हं. बाहीच्या आत घालीन."

"पण महाराज, तुमची गाठ तर उगवतीशी आहे."

"ती आहेच. हीसुद्धा असू दे. वेळ काय सांगून येते?"

आणि आठ दिवस होत नाहीत तोच राणीची दासी आली. एक पिवळा गोफ हवा. उगवतीच्या महाराजाशी. कुणाला सांगू नका हं.

बयजानं तेही केलं. मन जरा चरकलं होतं, खोटं कशाला सांगू. पण हात कामाला लागले होते, आणि राजाराणीला नाही कसं म्हणायचं? अशा चार गाठी झाल्या. लाल आणि निळी सगळ्यांना दिसणाऱ्या. पांढरी आणि पिवळी बाहीत लपवलेल्या. दोन मोठ्या राजांची एकमेकांशी गाठ नाही. सुभानराजा आणि कमळजा राणी एका नदीचं पाणी पिणारी, त्यांचीही एकमेकांशी नाही.

आता दूर, फार दूर, समुद्रात एक बेट होतं. वेलदोड्याचं. उगवतीचं एक गलबत तिथं पोचलं आणि त्यांनी झेंडा रोवला. त्याच दिवशी बेटाच्या दुसऱ्या अंगाला मावळतीचं गलबत लागलं आणि त्यांनीही झेंडा रोवला. संध्याकाळी वारा सुटला, आणि उगवतीचा झेंडा पडला. वाऱ्यानंच पडला, बरं का. पण खलाशी म्हणाले, "मावळतीवाल्यांनी पाडला!" ती बातमी एक महिना समुद्रातून, पंधरा दिवस उंटावरून, आठ दिवस घोड्यावरून आली. प्रत्येक मुक्कामाला थोडी थोडी फुगली. महाराजाच्या कानी आली तेव्हा ती अशी होती, की मावळतीवाल्यांनी तुमचा झेंडा पायदळी तुडवला आणि वर हसले.

उगवतीचा महाराजा ताडकन उठला. त्यानं तलवार उपसली आणि हात वर केला.

झालं! इकडे नांदगडात सुभानराजा जेवायला बसला होता. त्याचा उजवा हात पुरीसकट वर गेला. त्यानं डाव्या हातानं ओढून पाहिला. खाली येईना. हात उठला, त्याला उठवून भिंतीपाशी घेऊन गेला, पुरी टाकली आणि तलवार धरली. पलीकडे कमळजा राणी फुलं वेचत होती. तिचाही हात गेला वर. आणि तिच्या निळ्या आणि सुभानच्या पांढऱ्या गाठीनं तिकडे लांब मावळतीचा महाराजा दाढी करून घेत होता, त्याचाही! न्हावी बिचारा वस्तरा टाकून पळाला.

सुभानराजाच्या दरबाऱ्यांनी पाहिलं, महाराजांनी तलवार उपसली. सेनापती म्हणाला, "ठरलं तर मग." नगारा वाजायला लागला. सुभानराजा ओरडतोय, "अरे थांबा, मी नाही, माझा हात आपोआप..." पण नगाऱ्यापुढे कुणाचं ऐकू येतंय? घोडे निघाले, भाले निघाले, पोरं निघाली घरातून. चारी राज्यांत तेच. चौघंही म्हणत होते, मला लढायचं नाही, पण त्याचा हात वर आहे. आणि चौघांचेही हात वर.

पहिलं काय बंद झालं असेल? नदीवरची नाव. ह्या काठची माणसं त्या काठी जायची नाहीत आणि त्या काठची ह्या काठी यायची नाहीत.

बयजाला आधी लेक आठवली. आवडीला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. त्याच आठवड्यात नारबा तिला आणायला जाणार होता. डिंकाचे लाडू वळून झाले होते, बाळंतिणीची खोली सारवून झाली होती. आणि आता मधे नदी, आणि नदीच्या दोन्ही काठांना बाण लावून बसलेले शिपाई. ती ओट्यावर बसून राहिली. आपल्या दहा बोटांकडे बघत राहिली. "अहो," ती नारबाला म्हणाली, "ही लढाई मी वळली."

नारबा तिच्याशेजारी येऊन बसला. तो म्हणाला, "मी रंगवली. चल, सोडवता येते का बघू."

मग बयजा सुभानराजाकडे गेली. आधी तलवारीनं गोफ कापून पाहिला. तलवारीची धार गेली, गोफ तसाच. मग पेटत्या दिव्यावर धरला. दिवा विझला, गोफ तसाच. मग तेल लावून गाठ सैल करायला गेली, तर ती आणखी घट्ट बसली आणि राजाची बोटं निळी पडली. आता?

बयजा तशीच उठली आणि देवडोंगराची वाट धरली. दुपारपर्यंत चढत होती. ऐनाच्या झाडाशी जाऊन तिनं हाक मारली, "माय, चुकले गं!"

ढोली उघडली. रेशीममाय म्हणाली, "माझं रेशीम मायेसाठी होतं. तू भीतीला बांधलंस. भीतीची गाठ तलवारीनं तुटत नाही, बाई. ती सोडवावी लागते. दोन्ही मनगटं शेजारी शेजारी हवीत, तुझ्या एका हाताला दोन्ही लागतील इतकी. आणि ज्यांनी बांधून घेतली त्यांनी खरं कारण सांगायला हवं, मोठ्यानं. मग गाठ सैल होईल. पण चारी सुटेपर्यंत कुणाचाच हात खाली यायचा नाही."

"एवढंच ना? करते की."

"एवढंच नाही," रेशीममाय म्हणाली. "तुझ्या गाठी तूच उलट्या करायच्या. म्हणजे एक एक गाठ सुटेल तशी तुझ्या बोटांतली कलाही सुटत जाईल. चौथी सुटली की तुला साधी तीन पेडांची वेणीसुद्धा घालता यायची नाही. बघ बाई, विचार कर."

बयजानं विचार केला. सोळाव्या वर्षापासून तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. हे हात गेले तर उरलं काय? डोंगर उतरताना तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण पाय काही थांबले नाहीत.

ती खाली आली तेव्हा चारी सैन्यं नदीवर येऊन ठेपली होती. ह्या काठी सुभानराजा आणि उगवतीचा महाराजा. त्या काठी कमळजा राणी आणि मावळतीचा महाराजा. चौघंही घोड्यावर, चौघांचे हात वर, तिसरा दिवस. हात खाली येत नाही म्हणून झोप नाही, अंगरखा बदलता येत नाही, भरवायला दुसरा माणूस. आणि लपवलेल्या गाठी उलट्या बाजूला ओढ देत होत्या, त्यामुळे सुभानराजाची तलवार घटकेत राणीकडे वळायची, घटकेत शेजारच्या महाराजाकडे. शेजारचा महाराजा विचारायचा, "हे काय चाललंय?" सुभानराजा म्हणायचा, "वात आहे."

बयजा आधी सुभानराजाकडे गेली. "महाराज, नदीच्या मधे वाळूचं बेट आहे. तिथं या. मी गाठ सोडवते."

"येतो की. पण आधी राणीला येऊ दे."

बयजा गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली. बाई माणूस, हातात काही नाही, म्हणून कुणी बाण सोडला नाही. राणी म्हणाली, "मी तयार आहे. पण आधी ते मोठे दोघं येऊ देत."

मोठ्या दोघांना विचारलं. हा म्हणाला आधी तो, तो म्हणाला आधी हा.

बयजा दमली. मग काय केलं तिनं? नदीच्या मधल्या वाळूच्या बेटावर जाऊन बसली, मांडी घालून, भर उन्हात. नारबा तिच्या डोक्यावर सूप धरून उभा राहिला. आता ज्याला यायचं तो येईल.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर गलबला झाला. एक पोटुशी बाई शिपायांना बाजूला सारत पाण्यात उतरली. आवडी! "अगं, थांब!" सरदार ओरडला. "मला माझी आई दिसतेय," ती म्हणाली, आणि पदर खोचून चालत राहिली. दोन्हीकडचे धनुष्याच्या दोऱ्या ताणून बसलेले, आणि मधून ती डुलत डुलत, पाण्यातला दगड पाहून पाऊल टाकत चाललेली. कुणी खोकलंसुद्धा नाही. ती वाळूवर पोचली, आईच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "लाडू आणलेस का?"

बयजाला हसू आलं आणि रडूही आलं. नारबानं कनवटीचा लाडू काढून दिला. त्याला लेक माहीत होती.

इकडे काठावर सुभानराजा बघत होता. त्याच्या घोड्यापाशी एक शिपाई मनगटावर चिंधी बांधत होता. चिंधीवर कोळशानं काही लिहिलेलं.

"ते काय रे?" राजानं विचारलं.

"गावाचं नाव आहे, महाराज. पडलो तर कुठं पोचवायचं ते कळायला हवं ना."

राजानं मान वळवून पाहिलं. त्याच्या सगळ्या शिपायांच्या मनगटांवर चिंध्या होत्या. कुणी आईच्या लुगड्याची फाडलेली, कुणी पागोट्याची. तो घोड्यावरून उतरला. सेनापती म्हणाला, "महाराज, बाणाच्या टप्प्यात जाताय!" राजाचे पाय थरथरत होते, हो. तो भित्राच होता, ते काही एका क्षणात जात नाही. पण थरथरत्या पायांनीच तो पाण्यात उतरला आणि वाळूवर येऊन बसला. एक हात वर, एक हात मांडीवर. "मी आलोय, बयजाबाई," तो म्हणाला. "आता काय?"

"आता थांबायचं, महाराज."

तो थांबला. ऊन वर आलं. त्याच्या कपाळावरून घाम गळायला लागला आणि एका हातानं तो किती पुसणार? मग पलीकडून कमळजा राणी निघाली. डाव्या हातात छत्री. ती आली आणि छत्री सुभानराजावर धरून म्हणाली, "ऊन लागेल तुम्हाला." इतकी वर्षं नदीच्या दोन काठांना राहत होती दोघं, पण एकमेकांशी हे त्यांचं पहिलं बोलणं.

आता वाळूवर काय बोलणं चाललंय ते काठावर ऐकू येईना. मावळतीचा महाराजा अस्वस्थ झाला. ते दोघं आपल्यामागं काय ठरवतायत? तो उतरला पाण्यात. ते पाहिलं आणि उगवतीचा महाराजा म्हणाला, "हा चालला? मग मी कसा मागं राहीन!" तोही उतरला, आणि पावलं मोजत नाही तर पळतच आला. दोघांची शर्यत लागली, बरं का, आणि दोघंही कमरेपर्यंत भिजले.

"बसा," बयजा म्हणाली. "आणि ज्याची गाठ त्यानं कारण सांगायचं. खरं. दोन्ही काठांना ऐकू जाईल असं."

पहिली लाल गाठ. सुभानराजानं डोळे मिटले आणि ओरडून सांगितलं, "मला मावळतीच्या महाराजाची भीती वाटली!" गाठ थोडी हलली. आता उगवतीच्या महाराजाची पाळी. तो छाती काढून म्हणाला, "मी न्यायासाठी गाठ बांधली." गाठ जागची हलली नाही. "दुबळ्यांच्या रक्षणासाठी." तरीही नाही. आवडी म्हणाली, "महाराज, जरा खाली वाका हं, आईचा हात पुरत नाही. आणि खरं सांगा, मला बसवत नाही फार वेळ." महाराजानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पुटपुटला, "नांदगड मावळतीच्या हाती जायला नको म्हणून."

"मोठ्यानं."

"मावळतीच्या हाती जायला नको म्हणून!"

आणि लाल गाठ सुटली. बयजाला बोटांत काहीतरी थंड झाल्यासारखं वाटलं. आठ पेडांचा गोफ कसा वळतात ते ती विसरली.

दुसरी निळी. राणी म्हणाली, "मला सुभानराजांची भीती वाटली."

"माझी?" सुभानराजा म्हणाला. "अहो, मला मांजराची भीती वाटते!"

काठावरचे शिपाई खुसखुसले. मावळतीच्या महाराजानं शहाण्यासारखं पहिल्याच दमात खरं कारण सांगितलं. निळी सुटली. बयजा सहा पेडांचा गोफ विसरली.

मग बयजा म्हणाली, "आता बाह्या वर करा."

सुभानराजा आणि राणी खाली बघायला लागली. बाह्या वर झाल्या. खाली पांढरी, खाली पिवळी! "तू त्याच्याशीसुद्धा?" उगवतीचा महाराजा सुभानराजावर गरजला. "आणि तुमच्या बाहीत काय आहे ते पिवळं?" मावळतीचा उलट त्यालाच म्हणाला. मग सगळे एकमेकांवर एकदम बोलायला लागले. कोण कुणाच्या बाजूनं आणि कोण कुणाच्या विरुद्ध, हे त्यांचं त्यांनाच लागेना. ह्या काठावरच्या एका शिपायानं त्या काठावरच्याला ओरडून विचारलं, "अरे दादा, मग आपण नक्की कुणाशी लढतोय?" तो म्हणाला, "मला काय ठाऊक! आमची राणी तुमच्याही बाजूनं आहे म्हणे!" आणि दोन्ही काठ हसायला लागले. लाजेनं चौघांचे कान लाल झाले. पण खरी कारणं भराभर बाहेर आली, आणि पांढरी गाठ सुटली.

आता बयजाच्या बोटांत तेवढी तीन पेडांची साधी वेणी उरली होती. लहानपणी आईनं शिकवलेली. पिवळ्या गाठीवर तिचा हात थांबला. नारबानं ओळखलं. "बये," तो हळूच म्हणाला, "नको वाटत असेल तर..."

बयजानं आवडीकडे पाहिलं. लेक वाळूत पाय पसरून बसली होती, डोळे मिटून, पोटावर हात. बयजानं ओठ दाबले आणि पिवळी गाठ ओढली.

चारी हात धप्पकन खाली पडले. चारी तलवारी वाळूत. आणि तिन्ही राजे आणि ती राणी, जिथं होती तिथंच आडवी होऊन घोरायला लागली. तीन दिवसांचं जागरण होतं ना! उगवतीच्या महाराजाचं डोकं मावळतीच्या महाराजाच्या पायांवर पडलेलं, पण उठवायला कोण जाणार?

मग काय, बाळांनो. शिपायांनी मनगटांवरच्या चिंध्या सोडल्या आणि आपापल्या गावी निघाले. महाराजे जागे झाल्यावर फार गोडीगुलाबीनं वागले असं नाही, बरं का. कुरकुरतच घरी गेले. पण त्या वेलदोड्याच्या बेटावर त्यांनी मिळून एक माणूस पाठवला, बेट कुणाचं ते बघायला. तर तिथं माणसं राहत होती की! घरं, होड्या, कुत्री, सगळं. ती माणसं म्हणाली, "बेट आमचं आहे. कुणी विचारलंच नाही." दोन्ही झेंडे त्यांनी घडी करून परत पाठवले. एकाला जरा भोक पडलं होतं.

सुभानराजा आणि कमळजा राणी दर पंधरवड्याला नदीवर भेटायला लागली. गाठबीठ काही नाही. नुसतं बसून बोलायची. ह्यांच्या गुरांनी त्यांचं शेत खाल्लं, त्यांच्या लोकांनी ह्यांचे मासे धरले. कधी भांडायचीसुद्धा. पण समोरासमोर.

आणि बयजा? तिच्या हातून पुन्हा गोफ झाला नाही. पहिले काही दिवस तिला फार वाईट वाटलं. गोफ मागायला नवऱ्या यायच्या तेव्हा ती आत जाऊन बसायची. मग नारबानं एक दिवस तिच्या हातात रंग ढवळायची काठी दिली. पहिलं रेशीम तिनं असं रंगवलं की ते धड हिरवंही नाही आणि धड करडंही नाही. दुसरं त्याहून वाईट. तिसरं बरं झालं. दीड महिन्यानं तिनं एक जांभळा रंग काढला, आणि तसा रंग नारबालासुद्धा कधी जमला नव्हता. तो हे सगळ्यांना सांगत सुटला.

आवडीला मुलगी झाली. बारशाला दोन्ही काठांची माणसं आली. नदीवरची नाव दिवसभर ये-जा करत होती. बारा दिवसांची ती पोर जांभळ्या दुपट्यात झोपली होती, आणि तिच्या आजीचे हातही आता कोपरापर्यंत जांभळे होते. सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या, जे उरलं ते बांधून नेलं, आणि सगळे फार वर्षं नांदले.

चला, आता कुशीवर वळा. पांघरूण ओढाओढी करू नका, दोघांना पुरेल इतकं मोठं आहे ते. मिटा डोळे.